आमच्या छोटूच्या जावळाला यायचं हं!

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कुंपणापाशी. धुणं राहू द्या, ऊन काही पळून जात नाही. मी तुरीच्या शेंगा घेऊन बसलेय, चार तुम्हीही घ्या पदरात. आज सोल्यांची आमटी करायची म्हणते. हात चालू असला की बोलायलाही हुरूप येतो, नाही का?

आमच्या नांदुऱ्याकडच्या धाकट्या वहिनीचं सरपंचपद गेलं, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. अख्ख्या खामगावला ठाऊक आहे. तिसऱ्या लेकरावरून गेलं, हेही सगळे सांगतात. पण ते लेकरू सापडलं कसं, ते कोणी सांगितलं का तुम्हाला? जावळाच्या पत्रिकेवरून! हळू बोलते, थांबा. आमच्याकडे हे आत पेपर वाचत बसलेत. माहेरचं काही निघालं की ह्यांचे कान पेपरातून बाहेर येतात.

तर २०२२ च्या डिसेंबरातली निवडणूक आठवते ना? थेट सरपंचाची. आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी सुटलं आणि धाकट्या भावानं त्याच रात्री वहिनीचं नाव पुढं केलं. तिला विचारलं का? विचारलं की. फोटो काढायला स्टुडिओत नेलं तेव्हा सांगितलं. अर्ध्या जागा बायकांना झाल्या २०११ साली, तेव्हापासून गावोगावी ह्या सरपंचपतींचं एक निराळंच पीक आलंय बाई. आमच्या भावानं निकालाच्या आधीच मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर ‘सरपंच’ रंगवून घेतलं होतं. कुणी टोकलं तर म्हणे, ‘घरात एकच गाडी हाय, तिची ना माही कशाची?’

आता त्यांची लेकरं तीन. दोन पोरी आणि वर… म्हणजे खाली, छोटू. छोटू २०१२ चा. आणि फॉर्मसोबत घोषणापत्र द्यावं लागतं, किती अपत्यं, कधी झाली. आमच्याकडे हे तहसीलात अव्वल कारकून होते, जन्म गेला त्यात. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मला ती तारीख रामरक्षेसारखी पाठ झालीय. ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४, त्यातलं ज-१. कायदा लागू झाला १३ सप्टेंबर २००० ला, वर एक वर्षाची सवलत. म्हणून १२ सप्टेंबर २००१. त्यानंतर तिसरं झालं की माणूस बाद. त्याच्या आधीची कितीही असोत, डझनभर असोत, ती माफ. वर्षाची सवलत कशाला दिली, तर कायदा आला तेव्हा ज्यांचे दिवस भरत आले होते त्यांनी काय करायचं? एवढं तरी त्या कायदेवाल्यांच्या घरच्या बायकांनी सांगितलं असणार. आणि पहिलं एक असताना दुसऱ्या खेपेला जुळं झालं तर ते एकच धरतात.

ही बघा शेंग, हिच्यात चार दाणे. अपात्र!

हसता काय, तेव्हा आमच्या घरी कोणी हसत नव्हतं. भावानं काय केलं, छोटूचं नाव आधीच थोरल्या भावाच्या रेशनकार्डात चढवलेलं होतं. शाळेतही थोरल्या वहिनीचंच नाव आई म्हणून. असं कसं केलं म्हणून विचारू नका, झालं ते झालं, गावात काय होत नाही. थोरल्या वहिनीचे स्वतःचे दोन मुलगे, त्यात हा तिसरा कागदावरचा. तिला कुठं निवडणूक लढवायची होती तेव्हा? दोन्ही घरं एकाच वाड्यात, मध्ये फक्त एक ओसरी. पोरगं जेवतं इकडे, झोपतं इकडे, आणि कागदावर तिकडे. छाननीला कोणी हरकत घेतली नाही. वहिनी निवडून आली, गुलाल उधळला, मीही फुगडी खेळून आले. माझे गुडघे आठवडाभर…

तर काय सांगत होते, पत्रिका.

आमच्या काकूच्या, म्हणजे ह्या भावांच्या आईच्या, ओट्याला लागून जिचा ओटा आहे ना, ती. नाव घेत नाही, तुम्ही तिला माझ्या लेकीच्या साखरपुड्यात पाहिलंय, मोरपंखी साडीतली. तिच्या दिराचं पॅनल पडलं होतं. पडल्यावर सहा महिने ती बाई कोणाशी बोलली नाही, आणि मग एक दिवस पेटी आवरायला काढली. त्या पेटीत काय निघालं? गुलाबी पत्रिका! वर गणपती, कोपऱ्यात बाळाचं चित्र. निमंत्रक म्हणून धाकट्या भावाचं नाव, वहिनीचं नाव, ‘आमचे चिरंजीवाचे जावळ’ म्हणून ठसठशीत. आणि एकदम तळाला, दोन फुलांच्या मध्ये, दोघी पोरींची नावं आणि ती ओळ असते ना नेहमीची, ‘आमच्या छोटूच्या जावळाला यायचं हं!’

पोरींनीच हट्ट करून घालून घेतली होती ती ओळ. थोरली तेव्हा सात वर्षांची. मला आठवतं ना, मी होते तिथं. मीच छोटूला वाळे नेले होते, इथल्याच सराफ्यातले, खामगावची चांदी म्हणून मिरवत दिले होते चारचौघांत. फोटोत मी दिसते वाळे घालताना. तो फोटोही गेला पुढं फाईलला!

एक पत्रिका हाती आली की पुढचं काय अवघड? पत्रिकेवरून वर्ष कळलं, वर्षावरून वहिनीचं माहेर, तिथं जन्माच्या नोंदीचं रजिस्टर. बाळंतपण माहेरी झालेलं, नोंदही तिथलीच आणि नोंद मात्र खरी. माहितीच्या अधिकारात नक्कल काढली. कलम १६ खाली अर्ज गेला. हे म्हणतात, पूर्वी गावात भांडण झालं की बांध कोरायचे, आता जन्माचा दाखला काढतात. अंगणवाडीचं रजिस्टर म्हणू नका, लसीचं कार्ड म्हणू नका, शाळेचं दाखल-खारीज म्हणू नका, निवडणूक झाली की ह्या सगळ्याला भाव येतो. लोकसंख्या कमी व्हायला कायदा केला सरकारनं, आणि गावानं त्याचा विळा करून घेतला.

बुलढाण्याला तारीख लागली. मीही गेले, म्हटलं बोथ्याच्या घाटातून तरी जाणं होईल. बायकांना आत घेतील का नाही शंका होती, पण बसले मागच्या बाकावर. आमच्या बाजूनं तयारी जय्यत होती. थोरल्या वहिनीनं शंभराच्या स्टँपवर अ‍ॅफिडेव्हिट करून दिलेलं, की छोटू माझा, माझ्या पोटचा. विचार करा, बाई दुसरीच्या खुर्चीसाठी एवढं लिहून देते! गावात सगळे म्हणत होते की थोरलीनंच आतून बातमी फोडली, जळते ती. मी म्हणते, जळत असती तर तसं लिहून दिलं असतं का? पण गावाला जावाजावांचं भांडण हवंच असतं, नसलं तर ते लावून देतात.

तर समोरच्या वकिलानं ती गुलाबी पत्रिका टेबलावर ठेवली. काही बोलला नाही, नुसती ठेवली आणि बोटानं वहिनीकडे सरकवली. म्हणाला, ‘बाई, एवढंच सांगा, हे जावळ कोणाचं?’

वहिनीनं भावाकडे पाहिलं. भाऊ वर पंख्याकडे बघत होता. थोरल्या वहिनीनं पदर तोंडाशी धरला. काय सांगू तुम्हाला, सगळं चिडीचूप, नुसता पंख्याचा आवाज. आणि बाहेरच्या बाकावर हे छोटं कार्टं पाय हलवत बिस्किटं खातंय, दारातून दिसतंय सगळ्यांना.

‘माह्या छोटूचं,’ वहिनी म्हणाली.

संपलं! ते अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे रद्दी झाली की हो. भावाचा चेहरा असा उतरला, असा उतरला… लग्नात नवरदेवाचा घोडा पळून गेला तेव्हासुद्धा एवढा उतरला नव्हता. परतीच्या जीपमध्ये तो पुढं बसला आणि मोताळा येईपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाला, ‘दोन मिन्टं गप बसता आलं नाही तुले?’ वहिनी काय म्हणाली असेल? काही नाही. छोटूच्या शर्टावरची बिस्किटाची पावडर झटकत बसली.

आता कोणी म्हणतं घाबरली, कोणी म्हणतं वकिलानं घोळात घेतलं. मला विचाराल तर तिला कंटाळा आला होता. चारचौघांत स्वतःच्या लेकराला पुतण्या म्हणायचं, शाळेत पालकसभेला जाऊ जाणार आणि ही घरी भांडी घासणार. त्या पोरानं घरात ‘आई’ म्हणायचं आणि दारात ‘काकी’. तुम्ही करून बघा चार दिवस.

मग अमरावतीला अपील, तिथंही काही झालं नाही. मध्ये एक शहाणा सल्ला देऊन गेला, लेकरू दत्तक दिलंय म्हणून दाखवा. ह्यांनी त्याला दारातच थांबवलं. २०१८ सालीच म्हणे सुप्रीम कोर्टानं ओडिशातल्या एका सरपंचाला सांगून टाकलंय, तिसरं दत्तक दिलं तरी जन्म दिला तो दिलाच. आणि त्याच्याही आधी २००३ ला, हरियाणाच्या जावेद खटल्यात, हा कायदा घटनेला धरूनच आहे म्हणून शिक्का मारलाय. मजा म्हणजे त्याच हरियाणानं पुढं तो कायदा काढून टाकला. मध्य प्रदेशानं काढला, हिमाचलानं काढला. आपल्याकडे आहे तो आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात निर्मला बुच म्हणून बाई होत्या, मुख्य सचिव होऊन गेलेल्या. त्यांनी पाच राज्यांत फिरून बघितलं होतं की ह्या कायद्यानं घरात काय होतं. बायको सोडून दिल्याचं दाखवलं, लेकरू देऊन टाकलं, पोट पाडलं. आमच्या वाड्यातलं बघायला त्या आल्या नव्हत्या, पण सापडलं असतं.

सरकारी नोकरीतही तेच की. २८ मार्च २००५ नंतर तिसरं झालं तर नोकरी नाही. माझा भाचा परवा लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र भरत होता, लग्न अजून व्हायचंय आणि अपत्यांची संख्या शून्य लिहिताना लाजत होता.

हं, तर पोट पाडायचं निघालं म्हणून सांगते. हे मात्र तुमच्यामाझ्यात. दुसरी पोर झाली २००९ ला, तेव्हाच वहिनी म्हणाली होती, मी ऑपरेशन करून घेते. दवाखान्यात नर्सही म्हणाली, आलाच आहात तर करून जा. काकू खाटेशेजारी बसलेली. म्हणाली, ‘एक डाव पाहू अजून. वंशाले दिवा नको का?’ भाऊ दाराशी उभा, तो कशाला बोलतोय? २००९ आणि २०१२, मध्ये तीन वर्षं. त्या तीन वर्षांत वहिनी दोनदा माहेरी जाऊन आली, दोन्ही वेळा पांढरीफटक होऊन. ‘खाली झालं’ एवढंच सांगितलं. आपोआप झालं की केलं, कुठं केलं, मी विचारलं नाही. आपण विचारत नाही. जनगणनेचे आकडे आले २०११ चे, आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतली हजार मुलं आणि मुली ८५५. दहा वर्षांपूर्वी ९०८ होत्या. गर्भातलं तपासू नये म्हणून देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, आपल्याच राज्यानं कायदा केला होता, तो होताच की तेव्हाही. २०१५ ला ‘बेटी बचाओ’ आलं तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपलं नाव, शंभरात आलो म्हणून पेढे वाटण्यासारखं नव्हतं ते. दरसाल १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जाऊन सगळे भाषणात सांगतातच की हा जिजाऊंचा जिल्हा. टाळ्या घेतात, येतात घरी.

मी वाळे दिले तेव्हा एवढं मनात आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही आनंदच झाला होता मुलगा झाला म्हणून.

आणि एवढं करून तिसऱ्यानंतर ऑपरेशन कोणाचं झालं? वहिनीचंच. भावाला विचारलं तर म्हणे, मला शेतात वजन उचलावं लागतं. जशी ती वहिनी घरात कापूसच पिंजत बसते! सरकारची पाहणी झाली ना २०१९ ते २१ ची, देशात लग्न झालेल्या शंभर बायकांत अडतीस जणींचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्यांचं? शंभरात अर्ध्याचंही नाही. हे मला वाचून दाखवत होते, दाखवता दाखवता पान उलटलं त्यांनी.

पुरुष भ्याले ते आणीबाणीत, असं आमचे वडील सांगायचे. वडील मास्तर होते. १९७६ साल, मी पहिलीत. मास्तरांना नसबंदीच्या केसा आणायला लावलेलं, इतक्या आणल्या नाहीत तर पगार नाही. वडिलांना एक केस कमी पडत होती, तर ते सख्ख्या भावाच्या मागे लागले! माझ्या काकाच्या! काकूला तेव्हा तीन झाली होती. जीप आली की काका ज्वारीत. दिवसभर ज्वारीत, रात्री घरी. काकू डोक्यावर भाकरी घेऊन शेतात जायची ती गवताला म्हणून सांगून. दोघा भावांत त्यावरून दिवाळीचा फराळ बंद झाला होता, दोन वर्षं. देशात एका वर्षात ऐंशी लाखांवर ऑपरेशनं झाली, त्यात बहुतेक पुरुषच. आणि आपल्या विधिमंडळानं तर तेव्हा विधेयकच मंजूर केलं होतं, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना. तीन जिवंत लेकरं झाली की १८० दिवसांत ऑपरेशन सक्तीचं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते राहिलं. झाली असती तर काकूचं दुकान तिसऱ्यावरच बंद. आमचा धाकटा भाऊ म्हणजे सहावा, तो येताच ना! मग वहिनी कुठली आणि छोटू कुठला.

आमच्या त्या निवृत्त मास्तरीणबाई आहेत ना, कोपऱ्यावरच्या, त्या मला एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, बायकांनी मागितलं तेव्हा कोणी दिलं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तर त्यांची प्रोफेसरकी गेली, मासिक काढलं तर खटले झाले. बाबासाहेबांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं. पुढं १९३८ ला बाबासाहेबांच्या पक्षानं मुंबईच्या असेंब्लीत संततिनियमनाचा ठराव आणला, तो पाडला बाकीच्यांनी. नको म्हणाले. आणि चाळीस वर्षांनी तेच जीप घेऊन दारात! मास्तरीणबाई चवळीच्या शेंगेचा देठ असा मोडत होत्या हे सांगताना…

आता तर उलटंच वारं. परवा हे पेपर वाचता वाचता हसायला लागले. म्हटलं काय झालं? तर आंध्रानं २०२४ ला आपला दोन अपत्यांचा नियम रद्द केला. चंद्राबाबू म्हणतात, जास्त होऊ द्या, म्हातारे वाढलेत. नागपूरला संघाच्या भागवतांनीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात सांगितलं की दर दोन पूर्णांक एकच्या खाली जाता कामा नये, तीन तरी हवीत. आणि त्या २०१९ ते २१ च्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रात बाईमागे सरासरी लेकरं किती? १.७! दोनसुद्धा नाहीत. चीनचं बघा, एकाच्या वर होऊ द्यायचे नाहीत, आता तीन होऊ द्या म्हणून मागे लागलेत आणि कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, मग आमच्या वहिनीनं दोनाच्या पुढं जाऊन देशसेवाच केली म्हणायची. हे म्हणाले, कायदा भाषणावर चालत नाही, राजपत्रावर चालतो. बरं बाई. अव्वल कारकून ते अव्वल कारकूनच राहायचे.

आणि खरं सांगू का, ह्यांनाही सुचली नाही अशी एक गोष्ट मला सुचली. २००१ ची ती तारीख कोणाला सोडते? म्हाताऱ्यांना. आज तिशी-चाळिशीच्या ज्या बायका उभ्या राहणार, त्यांची लग्नंच मुळी त्या तारखेनंतरची. एकीलाही सवलत नाही. ज्यांनी सहासहा, सातसात काढली त्या मोकळ्या. घरात ‘एक डाव पाहू’ म्हणणारी सासू मोकळी, आणि ते ऐकणारी सून बाद.

तुम्ही ओळखलंत ना पुढचं? तुमचे डोळेच सांगतात!

पोटनिवडणूक लागली. भावाला खुर्ची घराबाहेर जाऊ द्यायची नव्हती. थोरली वहिनी उभी राहील म्हणून आधी ठरलं. पण ती कशी राहणार? तिनं तर शपथेवर लिहून दिलंय छोटू माझा म्हणून, म्हणजे तिच्याच तोंडानं तिची तीन! आता नाही म्हणावं तर शंभराचा स्टँप खोटा, हो म्हणावं तर अपात्र. मोरपंखीवाली त्या अ‍ॅफिडेव्हिटची झेरॉक्स घेऊन तयारच बसली होती. थोरली म्हणाली, ‘मी नाही जात बॉ त्या तहसीलात, मले लेकराची कसम बी खाता येत नाही आता, कोन्या लेकराची खाऊ?’ सगळे हसले, ती नाही हसली.

मग कोणाच्या डोक्यात आलं देव जाणे. काकू! सदुसष्ट वर्षांची माझी काकू. चार मुली, तीन मुलगे, सात. शेवटचं १९८८ चं. शिक्षण तिसरी. सातवी पासची अटही तिला नाही, ती १९९५ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. छाननीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, ‘आजी, अपत्यं किती?’ काकूनं बोटं मोजली. म्हणाली, ‘सात. आठवं गेलं. मले तवा कोनी नाही इचारलं, आता काहून इचारता?’ साहेबांनी जन्मसालं बघितली, मान खाली घातली आणि अर्ज वैध. मोरपंखीवालीचा चेहरा बघायला मी नव्हते हो, तेवढंच वाईट वाटतं. म्हणतात की तिच्या हातातली झेरॉक्स तिनं घडी करत करत एवढीशी केली.

साठएक मतांनी आली काकू. परवा शपथ झाली. भावानं नंबरप्लेट पुसली नव्हतीच, त्यामुळे तेवढा खर्च वाचला.

वहिनी? ती आहे की. पालकसभेला आता स्वतः जाते. शाळेतलं नाव दुरुस्त करायला टाकलंय. काकूशी कमी बोलते, पण पूर्वीही फार बोलत नव्हती. मी फोन केला तेव्हा म्हणाली, ‘आत्याबाईंची सही बसवून घेतो आम्ही रोज संध्याकाळी पाटीवर.’ आवाजात काही नव्हतं, ना राग ना काही. मलाच काय बोलावं सुचेना, म्हटलं संक्रांतीला येते.

ह्या घ्या, तुमच्या वाट्याचे सोले. मूठभर आहेत, दोघांना होतील. काकूला मोतीबिंदू आहे, तुम्हाला सांगितलं का मी? ऑपरेशन करायचंय उन्हाळ्यात, तोवर अक्षर दिसत नाही. ग्रामसभेची नोटीस आली की छोटू वाचून दाखवतो तिला, मोठ्यानं, ओसरीवर उभा राहून.